अर्जातली आई

नंदुरबारच्या कचेरीसमोर, स्टॅम्पवाल्याच्या ओट्यावर, भटूआप्पांची बैठक असे. त्यांच्या हातून जेवढे इंग्रजी अर्ज गेले तेवढ्या सगळ्यांत एक म्हातारी मरायला टेकलेली असायची. अर्ज विहिरीचा असो, बंदुकीच्या परवान्याचा असो, मास्तरच्या बदलीचा असो नाही तर बांधावरच्या बाभळी तोडण्याचा असो, म्हातारी त्यात हजर. मामलेदारापासून पट्टेवाल्यापर्यंत सगळ्यांना तिची ओळख झालेली. फक्त तिच्यापायी आपल्यावर काय पाळी येणार आहे, हे आप्पांना ठाऊक नव्हतं.

आप्पा मूळचे धानोऱ्याचे. घरची जमीन थोरल्या भावाने सांभाळली आणि धाकट्याला शिकायला नंदुरबारला धाडलं. मराठी झालं, इंग्रजीच्या तीन इयत्ता झाल्या, आणि मग इंग्रजीनेच त्यांना अडवलं. स्पेलिंगशी त्यांचं कधी जमलंच नाही. ज्या भाषेत अक्षर लिहायचं पण म्हणायचं नाही, त्या भाषेवर माणसाने भरवसा ठेवावा तरी कसा? कुठलं अक्षर एकदा येतं नि कुठलं दोनदा, याची शंका आली की आप्पा ते सरळ दोनदा लिहीत. कमी पडण्यापेक्षा जास्त झालेलं बरं. त्यामुळे त्यांच्या अर्जातला ‘पिटिशनर’ हा शब्द इतरांपेक्षा बोटभर लांब असे. तरी गावाला काय त्याचं? अख्ख्या बाजारात इंग्रजी कागद लिहून देणारे ते एकटेच होते, आणि अक्षर मोत्यासारखं होतं.

हा धंदा त्यांना मिळाला तो स्टेशनावरच्या एका म्हाताऱ्या पारशी गुड्स क्लार्ककडून. त्याच्याकडे आप्पा तरुणपणी पावत्या लिहायला बसत. पारशाची आई गुजरातेत आजारी पडली. त्याने रजेचा अर्ज केला, रजा मंजूर झाली. जाताना त्याने अर्जाचा कच्चा कागद आप्पांच्या हातात दिला आणि म्हणाला, “भटू, यात सगळं आहे. नाव बदल, काम बदल, बाकी काही हलवू नको.” तो गेला तो परत आला नाही. आप्पांनी तो कागद देवाच्या पोथीसारखा कापडात गुंडाळून ठेवला आणि त्याबरहुकूम लिहू लागले. कागदावर तिसऱ्या ओळीत माशीने एक ठिपका केला होता. तोही आप्पा प्रत्येक अर्जात त्याच जागी इमानाने काढत.

सुरुवातीला मोठ्ठं लांबलचक नमन होतं. मग ज्याचं त्याचं काम. मग ती ओळ यायची: ‘मदर इज ऑन डेथबेड अँड विशिंग टू सी फेस ऑफ ओन्ली सन.’ आई मरणाच्या दारात आहे, एकुलत्या एका लेकाचं तोंड पाहायला तिचा जीव घुटमळतो आहे. शेवटी साहेबाच्या दीर्घायुष्यासाठी प्रार्थना.

आता कोणी म्हणेल, या माणसाला एवढंही कळत नव्हतं? कळत होतं. मदर म्हणजे आई, बेड म्हणजे बाज, हे आप्पांना ठाऊक होतं. पण ते त्या ओळीला मायना समजत होते. आपल्याकडे पत्र लिहिताना नाही का, घरात काहीही चाललेलं असो, वरती ‘इकडील सर्व क्षेम’ लिहितात? प्लेगाच्या साली धानोऱ्याहून भावाचं पत्र आलं होतं. त्यात आधी ‘सर्व क्षेम’ होतं आणि त्याखाली काका आणि काकू गेल्याची बातमी होती. त्यात कोणाला काही खोटं वाटलं नाही. मग आपल्या लोकांनी पत्रात सगळे धडधाकट आहेत म्हणावं, आणि साहेबाच्या लोकांनी आई मरायला टेकली म्हणावं, ज्याची त्याची रीत. साहेबापुढे जाताना जोडे काढतात, तशी ही ओळ. आप्पांनी मनाशी असा हिशेब बसवून टाकला, आणि तो तपासून पाहायला आसपास कोणी नव्हतं.

शिवाय अर्जांना गुण येत होता. धुडकू पाटलाला पाटाचं पाणी मिळालं. मग लोक म्हणू लागले, आप्पांच्या हातात काहीतरी आहे. आप्पांचा एकुलता एक मुलगा मोतीलाल लहानपणी ओट्यावर खेळायचा. ती ओळ ऐकून ऐकून त्याला पाठ झाली होती, आणि शाळेतली कविता म्हणावी तशी तो ती मान डोलवत म्हणायचा. लोक कौतुकाने हसायचे. नर्मदाबाई, म्हणजे आप्पांची बायको, पाणवठ्यावर बायकांना सांगायची, “आमना घरना कागद कधी खाली जात नही, माय!”

विसरवाडीच्या इंदरमल शेटला घासलेटच्या दुकानाचा परवाना हवा होता. आप्पांनी अर्ज केला. त्या साली जिल्ह्याचे साहेब दौऱ्यावर विसरवाडीला उतरले होते, मोडकंतोडकं मराठी बोलणारे, मनाने मोकळे. त्यांनी इंदरमलला समोर उभं केलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, “तुमची आई आता कशी आहे?”

इंदरमल गोंधळला. “चांगली शे, साहेब.”

तेवढ्यात त्याची आई धापूबाई सूप हातात घेऊनच बाहेर आली. हमालाने पोतं चुकीच्या जागी टाकलं म्हणून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत ती ओट्यावरून खाली उतरली आणि पोतं स्वतःच ओढू लागली. साहेबांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा हातातल्या अर्जाकडे पाहिलं, आणि ते हसत सुटले. डोळे पुसत पुसत हसले. हसण्याच्या भरात परवान्यावर सही झाली.

दुसऱ्या बाजाराच्या दिवशी इंदरमल ओट्यावर येऊन उभा राहिला. परवाना मिळाल्याचा आनंद लपत नव्हता आणि रागही मावत नव्हता. “आप्पा, मन्ही जित्ती मायले तुम्ही मारी टाकं!”

“तो मायना शे, शेटजी,” आप्पा समजुतीने म्हणाले. “इंग्रजी कागदले तो लागस.”

घरी इंदरमलने हे सांगितलं तेव्हा धापूबाई म्हणाली म्हणे, “मन्हं मरण लिखीसन परवाना मिळस ना? मंग आखो धा कागद लिखा!”

तरी आप्पांच्या मनाला ते लागलं. पुढचा अर्ज नवापूरकडच्या रानातल्या गोवालचा होता. पडलेलं घर उभारायला त्याला जंगलातली लाकडं हवी होती. आप्पांनी धीर केला आणि ती ओळ गाळली. अर्ज नामंजूर होऊन आला. लाकडं जंगल खात्याच्या कायद्याने नाकारली होती, म्हातारीचा त्यात काही संबंध नव्हता. पण शेऱ्यातलं इंग्रजी आप्पांना नीट लागलं नाही. गोवाल उठून गेला, त्याची ती पाठ त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना. भिंतीतली कुठली वीट नुसती बसवलेली आहे आणि कुठल्या विटेवर घर उभं आहे, हे ज्याला कळत नाही तो एकाही विटेला हात लावत नाही. आप्पांनी ती ओळ पुन्हा घातली आणि त्यानंतर कधी काढली नाही.

साहेब बदलून गेले. नवे आले, तेही गेले. पण विसरवाडीची गोष्ट कचेरीत राहिली. नव्या साहेबाला चार्ज देताना तिजोरीच्या किल्ल्या देत, तशीच ही गोष्टही देत. हेडक्लार्क शांतीलाल ती फार रंगवून सांगायचा. आप्पांना यातलं काहीच माहीत नव्हतं. साहेब अर्जाकडे पाहून हसले असं पट्टेवाल्याने सांगितलं की आप्पांना वाटायचं, अक्षरावर खूश झाले असतील.

मग बेचाळीस साल उजाडलं. मोतीलाल तेव्हा छगनलालच्या पेढीवर कारकुनी करत होता, लग्न ठरायच्या बेतात होतं. गावात मिरवणूक निघाली, घोषणा झाल्या, पोलिसांनी हाताला लागतील त्यांना उचललं. त्यात मोतीलाल होता. त्याने घोषणा दिल्या की तो नुसता बघत उभा होता, हे आप्पांना कधीच कळलं नाही. विचारायची सोयच नव्हती. त्याला खटल्याशिवाय दूरच्या तुरुंगात नेऊन ठेवलं.

नर्मदाबाईने सुरुवातीला दम धरला. मग जेवण तुटलं, पायांवर सूज आली, रात्री पाठ टेकली की श्वास लागू लागला. थंडीत आप्पा तिला आगगाडीत घालून चिंचपाड्याला मिशनच्या दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी छाती ऐकली, आप्पांना बाहेर व्हरांड्यात नेलं आणि खांद्यावर हात ठेवून सांगितलं, “घरी घेऊन जा. खावंसं वाटेल ते खाऊ द्या. ज्याला बोलवायचं त्याला बोलावून घ्या.”

बोलवायचं ते एकालाच होतं.

परतताना गाडीत नर्मदाबाईला सगळं कळून चुकलं होतं. ती घाबरली नव्हती. डब्याच्या भिंतीला टेकून ती एवढंच म्हणाली, “मोतीना बाप, कागद लिखा ना आते. जगना पोऱ्या तुम्हना कागदवर घर येतस. मन्हा बी घर यी.”

“लिखस,” आप्पा म्हणाले. आणि ते खिडकीबाहेर पाहू लागले.

घरी येऊन ते दौत-टाक घेऊन बसले. मराठीत लिहिलं असतं, पण मराठी अर्ज आधी तरजुम्याला, म्हणजे इंग्रजीत उतरवायला, जायचा आणि तिथेच दिवसेंदिवस पडून राहायचा. नर्मदाबाईपाशी तेवढे दिवस नव्हते. कापडात गुंडाळलेला कागद त्यांनी आज उघडला नाही. जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या मनातलं लिहायचं ठरवलं. मनात सगळं अगदी साफ होतं: मन्ही बाई मरी ऱ्हायनी, साहेब, पोऱ्याले दोन रोज घर धाडा. एवढंच तर होतं. पण ते इंग्रजीत न्यायला गेलं की हाताला एक शब्द लागे आणि दुसरा निसटे. धाडा म्हणजे काय लिहावं? घर हा शब्द कुठे बसतो, आधी की नंतर? बाई मरते आहे, हे सांगायला त्यांच्याजवळ सगळ्या इंग्रजी भाषेत एकच वाक्य होतं. टाक फिरून फिरून त्याच वाक्यावर येऊन थांबत होता. आणि खरं सांगायचं तर त्या वाक्यात कुठे काही चूकही नव्हती. आई मरणाच्या दारात आहे. एकुलत्या एका लेकाचं तोंड पाहायला तिचा जीव घुटमळतो आहे. इतकी वर्षं जे नुसतं खरडलं ते आता शब्दाला शब्द जसंच्या तसं समोर बाजेवर निजलं होतं. त्या ओळीचा अर्थ आप्पांना त्या संध्याकाळी पहिल्यांदा कळला.

म्हणजे ही ओळ मायना नव्हती. त्या पारशाने रडत रडत लिहिली होती ती.

या खेपेचं खरं आहे, हे साहेबाला कळावं कसं? ‘खरं’ला इंग्रजीत काय म्हणतात, हे आठवताना त्यांना कचेरीचा शिक्का आठवला. नकलेवर मारतात तो, ‘ट्रू कॉपी’, खरी नक्कल. मग त्यांनी लिहिलं, ‘ट्रू मदर इज ऑन ट्रू डेथबेड.’ शंका आली म्हणून दोन्ही ठिकाणी एकेक अक्षर जास्त घातलं. माशीचा ठिपका मात्र या अर्जात दिला नाही.

उत्तर तसं लवकर आलं. शांतीलालने आप्पांना आत बोलावलं, खुर्ची दिली. कचेरीत त्यांना आजवर कोणी खुर्ची दिली नव्हती. 

“काय लिखेल शे, भाऊ?”

शांतीलालने कागद वाचला आणि मराठीत सांगितला. साहेबांचा शेरा दोन ओळींचा होता. पुन्हा तीच आई. अर्ज दफ्तरी दाखल करावा, म्हणजे नुसता ठेवून द्यावा.

आप्पांना वाटलं, अजून काही असेल. ते कागदाकडे बघत राहिले. मग शांतीलालने मान खाली घालून विसरवाडीची गोष्ट सांगितली. धापूबाई, सूप, पोतं, साहेबाचं हसणं, आणि त्यानंतर आलेल्या प्रत्येक साहेबाचं हसणं. या साहेबाला ती आपणच सांगितली, हेही सांगितलं. सांगता सांगता तो मध्येच थांबला. “आप्पा, वहिनी... खरंच?”

आप्पांनी मान डोलावली.

शांतीलालचा चेहरा उतरला. “शेरा पडल्यावर माझं कोण ऐकणार? तुम्ही स्वतः जा. साहेबांचा मुक्काम विसरवाडीलाच आहे. तोंडाने सांगा.”

आप्पा गेले. बंगल्याच्या आवारात मोटर तयार उभी होती, साहेब निघायच्या घाईत पायऱ्या उतरत होते. तरुण होते, चेहऱ्याने वाईट नव्हते. आप्पा हात जोडून पुढे झाले. रस्ताभर त्यांनी मनाशी घोकलं होतं, बाई मरते आहे, बाई मरते आहे. पण साहेब समोर आला, गोरा चेहरा त्यांच्याकडे वळला आणि इतक्या वर्षांची सवय जिभेवर चढून बसली. तोंडातून बाहेर पडलं ते अर्जाचं नमन, ‘मोस्ट रिस्पेक्टफुली अँड हम्बली...’ अगदी पहिल्या शब्दापासून. आपण हे काय बोलतो आहोत, हे आप्पांना ऐकू येत होतं, पण थांबता येत नव्हतं.

साहेबांचे ओठ हलले. हसू दाबून त्यांनी पुस्तकी मराठीत विचारलं, “आपण नंदुरबारचे लेखक काय? आपल्या मातोश्री अस्वस्थ आहेत?”

“मन्ही माय नही, साहेब. पोऱ्यानी माय! पोऱ्यानी माय मरी ऱ्हायनी!”

साहेबांनी पट्टेवाल्याकडे पाहिलं. त्यांनी शिकलेल्या मराठीत हे शब्द नव्हते. पट्टेवाला म्हणाला, “मुलाची आई मरते आहे म्हणतो, हुजूर.”

“होय, होय,” साहेब मायेने म्हणाले. “ते मी वाचले आहे.” आणि मोटरीत बसले.

मोटरीची धूळ खाली बसेपर्यंत आप्पा हात जोडूनच उभे होते. पट्टेवाल्याने त्यांना सावलीत नेऊन बसवलं आणि पाणी दिलं.

घरी पोहोचले तेव्हा नर्मदाबाईने डोळे न उघडताच विचारलं, “कागद गया का?”

“गया.”

“मंग यी तो.” एवढं बोलून तिने समाधानाने मान वळवली. आप्पांना तिच्या त्या समाधानाची भीती वाटली. तिला खरं सांगावं असं दोनदा मनात आलं आणि दोन्ही वेळा हिंमत झाली नाही. दाराशी पाऊल वाजलं की ती मान उचलायची. कधी शेजारीण असायची, कधी गाय. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. अग्नी आप्पांनीच दिला.

दहाव्याला तरी मुलगा यावा म्हणून पुन्हा अर्ज करायचा होता. धुडकू पाटलाने कोरा कागद आणून पुढे ठेवला. आप्पा टाक धरून बसले. पण पारशाच्या कागदात आई नेहमी मरणाच्या दारात असे. ती मेली असं त्यात कुठेच नव्हतं. आप्पांनी टाक खाली ठेवला, तसा धुडकू पाटील कागद उचलून शांतीलालकडे गेला. शांतीलालने आपल्या हाताने एकच साधी ओळ लिहिली आणि स्वतः साहेबांपुढे नेऊन ठेवली. साहेबांनी ती वाचली.  मग सही केली.

मोतीलाल आला तो दोन पोलिसांच्या मध्ये. वाळला होता, दाढी वाढली होती. नदीकाठी न्हाव्यापुढे बसण्याआधी तो बापाजवळ आला. त्याच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, राग होता, आणि तो राग तुरुंगातून येईपर्यंत सगळ्या वाटेने वाढत आला होता.

“आप्पा, माय इतली बिमार व्हती, तरी तू कागद नही लिखा? जगना लोकेस्ले लिखी देस तू.”

“लिखा व्हता, बेटा.”

“काय लिखं व्हतं?”

आप्पांनी सांगण्यासाठी तोंड उघडलं. दुसरं काही त्यांच्याजवळ नव्हतंच. खालच्या आवाजात त्यांनी ती ओळ म्हटली, मदर इज ऑन डेथबेड. उरलेली ओळ मोतीलालच्या ओठांवर आपोआप आली, लहानपणी मान डोलवत म्हणायचा तशी. आणि मग तो मध्येच थांबला. 

“हाई तर तू सर्वास्ना कागदमा लिखस, आप्पा.”

“हा,” आप्पा म्हणाले. “पन आते खरं व्हतं.”

पोलिसाने वेळ होत असल्याची खूण केली. मोतीलालने डोक्यावरची टोपी काढून बापाच्या हातात दिली आणि न्हाव्यापुढे मान वाकवून बसला.